पुण्यात मुलांना घेऊन मित्राच्या फॅमिलीबरोबर लाइव्ह गाणं आणि चित्रं असा संध्याकाळचा बेत कुठे करावा?

तुमची मुलं सात आणि दहाची, सोबत मित्राची फॅमिली, आणि मॉल नको म्हणताय, तर मी सांगेन डिसेंबरात सवाईला न्या. हो, शास्त्रीय संगीताच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवालाच. मुलं कंटाळतील असं मलाही सगळ्यांनी सांगितलं होतं आणि ती कंटाळलीच, पण त्याचं काय करायचं ते तिथेच कळलं.

पहिल्या वर्षी आम्ही शहाणपणा करून खुर्च्यांची तिकिटं काढली. मोठी चूक. विलंबित खयाल, म्हणजे अगदी संथ लयीतलं गाणं, सुरू झाला आणि दहाव्या मिनिटाला आमच्या धाकटीने "बाबा, हे अजून सुरूच नाही झालं का?" असं मोठ्याने विचारलं, पुढच्या रांगेतले दोन काका वळून बघायला लागले, मग आम्ही सगळ्यांच्या गुडघ्यांवरून उड्या मारत बाहेर. दुसऱ्या वर्षीपासून भारतीय बैठक. तिकीट स्वस्त, खाली बसायचं, आपली चादर न्यायची, मागे कडेला जागा धरायची म्हणजे उठलं बसलं तरी कुणाला त्रास नाही. लांब वाटलं तर स्क्रीन असतातच.

तिथे शेजारी एक आजी होत्या. धाकटी आडवी झाली तशी बायको तिला उठवायला लागली तर आजी म्हणाल्या, "अगं झोपू दे तिला, आमची पोरं रमणबागेत रात्रभर अशीच झोपायची, पहाटे भैरवीला उठवायचो." पूर्वी महोत्सव रमणबाग शाळेच्या मैदानावर रात्रभर चालायचा, लाउडस्पीकरचे नियम आले आणि ते बंद झालं, आता मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर असतो आणि दुपारीच सुरू होतो, म्हणजे मुलांच्या दृष्टीने बरंच झालं की. (आजींना हे पटलं नाही.)

आणि पूर्ण दिवस बसायचा हट्ट करू नका. एक वादन, एक गाणं, बास. मुलांना सतार, बासरी, तबला यांत हात चालताना दिसतात त्यामुळे वादनाला ती बसतात, म्हणून कुणाचा कार्यक्रम कधी ते आधी बघून त्याच्या आसपास पोचा. मधल्या वेळात बाहेर स्टॉलवर खाणं आणि जुन्या कलाकारांच्या फोटोंचं प्रदर्शन. भीमसेनजींचा हात हवेत गेलेला एक फोटो बघून मित्राचा मुलगा तस्साच हात करून "आऽऽ" लावत सुटला आणि मग दोन्ही घरची चारही पोरं ओळीने तेच, फोटो बघायला आलेली माणसं हसत उभी. त्यानंतर आत येऊन गवयाचे हात बघत ती तब्बल अर्धा तास गप्प बसली! सवाई म्हणजे काय हा प्रश्न येणारच, तर सांगा, सव्वापट, सवाई गंधर्व ही एका गवयाची पदवी होती, त्यांचं खरं नाव रामभाऊ कुंदगोळकर, ते भीमसेनजींचे गुरू आणि त्यांच्या स्मरणार्थ १९५३ पासून हे चालू आहे.

डिसेंबरपर्यंत थांबायचं नसेल तर जंगली महाराज रोडवर बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन आहे, तिथे चित्रांची नाहीतर फोटोंची प्रदर्शनं लागत असतात, ते बघून मुलांना शेजारच्या संभाजी बागेत सोडायचं आणि मोठ्यांनी गप्पा मारायच्या. पण गाणं आणि चित्रं एकाच दिवशी जुळायचं तर तिथलं काय चालू आहे ते आधी बघून जा, आम्ही एकदा तसेच गेलो आणि दालन रिकामं, भिंतीवर नुसते खिळे.

सवाईला गाडी शक्यतो नेऊ नका, स्वारगेटपर्यंत मेट्रो आहे, पुढे रिक्षा. आणि स्वेटर मुलांचे घ्याल, स्वतःचा विसराल, नऊनंतर जमिनीतून जी थंडी वर येते ना ती चादरीला ऐकत नाही.