नात गोव्याला निघाली, पण अलिबागला जायला तयार नाही

दिमोना (इस्रायल) येथील एका आजींची नात लष्करी सेवा संपवून मैत्रिणींबरोबर गोवा आणि हिमाचलातल्या कसोलला निघाली आहे. आजींचे बालपण जिथे गेले त्या अलिबागला जायला मात्र ती नकार देते, आणि ‘तिला तिची सुट्टी घेऊ द्या’ असे म्हणून आजींची मुलगीही नातीचीच बाजू घेते. नातीला कसे समजवावे, असे आजी विचारतात.

आदरणीय ताई,

नात भारतात येणार आणि तुमच्या गावावरून तशीच पुढे जाणार, हे तुम्हाला किती लागले असेल, याची मला कल्पना आहे. तरीही तिला समजवायला जाऊ नका. सैन्यातून सुटलेली इस्रायली मुले हिमाचलात आणि गोव्यात येतात ती शिस्तीतून मोकळी होण्यासाठी. त्या दिवसांत आजीचे गाव हेही तिला पाळायचे आणखी एक कर्तव्य वाटेल.

मला काळजी वाटते ती तुमच्या मुलीने तिचीच बाजू घेतली याची. इस्रायलला गेल्यावर तुमच्या वडिलांनी घराबाहेर मराठी बोलायला बंदी केली आणि पुढे तुम्हीही मुलीला अलिबागविषयी फारसे सांगितले नाही, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. तो काळ कसा होता, हे मुलीला ठाऊक आहे का? १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, बेने इस्रायलांच्या, म्हणजे आपल्या कोकणातून गेलेल्या मराठी ज्यूंच्या, विवाहाआधी त्यांच्या घराण्याची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करण्याचा आदेश काढला. त्याविरुद्ध आपली माणसे रस्त्यावर उतरली, आणि बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यूच आहेत हे १९६४ साली तिथल्या संसदेला ठरावाने सांगावे लागले. ज्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली गेली, त्यांनी कोकणाचे नाव दाराआड ठेवले, यात मला तरी त्यांचा दोष दिसत नाही. परंतु मुलीपर्यंत पोचले ते केवळ मौन, त्यामागचे भय नव्हे. म्हणून नात निघण्यापूर्वी मुलीशी एकदा निवांत बोला.

नातीकडे फक्त दोन दिवस मागा, तेही गोव्याला जाण्याआधीचे. पावसाळा नसेल तर गेटवेहून लाँचने मांडव्याला उतरून तिथून बसने अलिबागला सहज जाता येते. इस्रायल आळीतले, १८४८ साली स्थापन झालेले मागेन अवोथ सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) तिला पाहू द्या, आणि जमल्यास जवळच्या सागावचा तो खडकही, ज्यावरच्या खुणा एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या रथाच्या आहेत असे आपले वाडवडील मानत आले. तुमच्या घरी मलिद्याचे, म्हणजे गोड पोह्यांच्या नैवेद्याचे, ताट मांडताना ज्याचे नाव घेतले जाते तो हाच, एवढेच तिला सांगा. तिथे तिला काय वाटावे, हे मात्र सांगू नका.

एवढे करूनही ती नको म्हणाली, तर तिला आनंदाने कसोलला जाऊ द्या. तिच्याबरोबर येण्याचा हट्ट मात्र धरू नका. तुमच्या स्वतःच्या अलिबाग भेटीसाठी तिच्या होकाराची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या हिवाळ्यात मुलीला घेऊन या, आणि तिकिटे आताच काढा.