दोन शहरांमधले हवाई अंतर आणि विमानाचा वेळ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लंडन–न्यूयॉर्क अंतर कुठे ५,५४० किलोमीटर दिसते, कुठे ५,५७०. खरे कोणते?

उत्तर : दोन्ही खरी. पहिले हीथ्रो ते केनेडी विमानतळाचे, दुसरे शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे. तुम्हालाही ते काढता येईल. लंडनचा अक्षांश ५१.५ उत्तर, न्यूयॉर्कचा ४०.७ उत्तर, रेखांशांतला फरक ७३.९ अंश. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार ०.५१०. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशफरकाचा कोसाइन या तिघांचा गुणाकार ०.१३१. बेरीज ०.६४१. ज्या कोनाचा कोसाइन इतका, तो कोन ५०.१ अंश. पृथ्वीच्या पाठीवर एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर, म्हणून उत्तर सुमारे ५,५७०. आकडा भलताच आला तर आधी कॅल्क्युलेटर रेडियनवर राहिला आहे का ते बघा. एक शहर पूर्व रेखांशावर आणि दुसरे पश्चिम रेखांशावर असेल तर रेखांशांची वजाबाकी नव्हे, बेरीज करायची. बहुतेकजण इथेच चुकतात.

प्रश्न : टोकियोहून न्यूयॉर्कला जाणारे विमान अलास्काकडे का वळते?

उत्तर : ते वळत नाही, वाकडा असतो तो सपाट नकाशा. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा, तो अलास्कावरूनच जाईल.

प्रश्न : अंतराला ताशी ८५० किलोमीटरने भागले, तरी तिकिटावरचा वेळ जास्त का? आणि जातानाचा व येतानाचा वेळ वेगळा का?

उत्तर : तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे यांसाठी भागाकारात किमान अर्धा तास मिळवा. विलंबासाठी राखलेली मिनिटे आणखी वेगळी.

पण मोठा फरक पाडतो तो वारा. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो आणि हिवाळ्यात तो जोर धरतो. वारा नसेल तर लंडन–न्यूयॉर्कचा भागाकार ६ तास ३३ मिनिटे येतो. समोरून ताशी १०० किलोमीटरचा वारा असेल तर ७ तास २६ मिनिटे, तोच पाठीशी असेल तर ५ तास ५२ मिनिटे. नीट पाहा : समोरचा वारा ५३ मिनिटे खातो, पाठचा मात्र ४१ मिनिटेच परत देतो, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते. म्हणून जाण्यायेण्याचा एकूण वेळ वारा नसतानाच्या दुपटीहून नेहमी थोडा जास्तच भरतो.

प्रश्न : लंडनहून सकाळी ११ वाजता निघालेले विमान न्यूयॉर्कला दुपारी २ वाजता उतरते. प्रवास ३ तासांचा धरायचा का?

उत्तर : नाही, ८ तासांचा. दोन्ही वेळा स्थानिक आहेत आणि न्यूयॉर्कचे घड्याळ ५ तास मागे आहे. वजाबाकीआधी दोन्ही वेळा जागतिक प्रमाणवेळेत आणा. मार्चमध्ये जपून. अमेरिका दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधल्या दिवसांत फरक ४ तासांचाच उरतो. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार या आठवड्यातही तसेच.