राक्षसाचे मर्म काढून घेणारी राजकन्या

प्रश्न : माझ्या सासूबाई नातवंडांना राक्षसाने पळवलेल्या राजकन्येची गोष्ट सांगतात. त्याचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो. रुक्मिणीहरण, सीताहरण आणि ही गोष्ट एकाच जातीची का? ती लिहून कशी ठेवावी?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : हरण तिन्हींत आहे, पण तेवढ्यावरून त्यांना एका माळेत ओवू नका. मुलीची संमती होती का आणि ती सुटली कशी, हे आधी पाहावे. भागवतात रुक्मिणीच कृष्णाला निरोप धाडते. लग्नाच्या आदल्या दिवशी मी नगराबाहेर गिरिजेच्या दर्शनाला येईन, हेही तीच कळवते. सीता सुटते ती युद्धानंतर. तुमच्या गोष्टीत मात्र राक्षसाचे मर्म, म्हणजे त्याचा जीव कुठे दडला आहे हे गुपित, कैदेतली राजकन्याच त्याच्याकडून काढून घेते, आणि तोच कथेचा गाभा.

लोककथांच्या प्रकारांना क्रमांक देणाऱ्या आर्ने–थॉम्पसन–उथर सूचीत हा कथाप्रकार ३०२ क्रमांकाचा. नॉर्वेतल्या कथेत राजकन्येने विचारल्यावर राक्षस आधी थाप मारतो : काळीज उंबऱ्याखाली आहे. राजकन्या उंबऱ्यावर फुले पसरते. मग म्हणतो, कपाटात. ती कपाट सजवते. तिसऱ्या खेपेला खरे सांगतो : दूरच्या तळ्यात बेट, बेटावर चर्च, त्यात विहीर, विहिरीत बदक, बदकाच्या पोटात अंडे, अंड्यात काळीज. रशियातल्या लोककथांमधला दुष्ट कोश्चेई, त्याचे मरण अंड्यातल्या सुईच्या टोकाशी. १८६८ साली छापलेल्या दख्खनच्या एका कथेत पाण्याच्या सहा घागरींची उतरंड, तिच्याखाली पिंजरा आणि पिंजऱ्यात हिरवा पोपट!

सासूबाईंची गोष्ट आधी मोबाइलवर सलग रेकॉर्ड करा. मध्येच ‘म्हणजे रावणासारखा का?’ असे विचारू नका; सांगणारी व्यक्ती नकळत ओळखीच्या कथेकडे वळते. त्या गुजराती वळणाने ‘माटलं’ म्हणाल्या तर लिहिताना ‘माठ’ करू नका. सर्वांत जास्त नुकसान होते ते पुन्हापुन्हा विचारण्याचा भाग पाल्हाळ समजून गाळल्याने. तो गेला की राजकन्येचे काम संपते, उरतो नुसता शूर राजपुत्र. म्हणून थापा किती, कोणत्या क्रमाने आणि कशाच्या आत काय, हे जसेच्या तसे उतरवा. गोष्ट माहेरी ऐकली की बडोद्यात, कुणाच्या तोंडून, हेही विचारा. काही दिवसांनी पुन्हा सांगायला लावा आणि बदललेले तपशील समासात टिपा. पहिला पाठ खोडू नका. शीर्षकाखाली कथाप्रकार ३०२ लिहा, शिवाय थॉम्पसनच्या वेगळ्या सूचीतले दोन कल्पनाबंध, म्हणजे कथाकथांत पुन्हापुन्हा येणारे छोटे घटक : राक्षसाने पळवलेली राजकन्या, आर ११.१, देहाबाहेर ठेवलेला जीव, ई ७१०.