शिवणशंका : ब्लाउज मुंढ्यापाशी का फुगतो?

प्रश्न : मी घरीच चार टक्सचा (टक्स म्हणजे आकार देण्यासाठी शिवलेली निमुळती चिमटी), अस्तराचा ब्लाउज शिवते. नोकरीमुळे रात्री जेमतेम अर्धा तास मिळतो. छातीचं माप बरोबर बसतं, पण पुढच्या मुंढ्यापाशी, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईपाशी, कापड फुगतं आणि खांदा घसरतो. बाजू आत घेतल्या की छातीत आवळतं. मग पुन्हा सगळं उसवणं आलंच. काय चुकतंय? – एक वाचक, सातारा

उत्तर : बाजूच्या शिलाईला हात लावू नका, दोष तिथे नाही. मुंढ्यापाशी फुगणारं कापड हे मुंढ्याच्या टक्समध्ये जायचं राहिलेलं कापड आहे. ब्लाउज अंगात असतानाच ते चिमटीत धरून टाचणी लावा. चिमूट पाव इंचाची भरली, तर टक्स मुंढ्याच्या कडेला पाव इंच जास्त खोल घ्या आणि टोकाकडे निमुळता न्या. टोक छातीच्या उंचवट्याच्या एक इंच अलीकडेच संपवा. थेट उंचवट्यापर्यंत नेलं तर तिथे बोचरं टोक दिसतं आणि ते इस्त्रीनेही बसत नाही. टोकाला उलट टीप (मागे-पुढे शिलाई) मारू नका, दोरे हातानेच गाठा. चिमटीत कापड दुहेरी असतं, त्यामुळे मुंढा अर्धा इंच लहान होतो, तेव्हा बाहीची पुढची गोलाईही मोजून तितकी कमी करा. नाहीतर बाहीला चुण्या पडतील.

खांदा घसरतो तो बहुधा गळ्याच्या रुंदीमुळे. मागचा गळा खोल हवा असेल तर त्याची रुंदी आवरावी लागते. दोन्ही भरपूर घेतले तर खांद्याला धरून ठेवायला पाठीवर कापडच उरत नाही. गळा कापून झाला असेल, तर खांद्याची शिलाई गळ्याच्या बाजूला पाव इंच जास्त घेऊन मुंढ्याकडे शून्यावर आणा. तेवढ्याने भागलं नाही तर मागे नाडी लावा. हे सगळं गळ्याला पट्टी लावण्याआधी.

राहिला वेळेचा प्रश्न. वेळ शिवण्यात कमी आणि उसवण्यात जास्त जातो, म्हणून आधी अस्तरच अंगावर बसवून बघा. बाजूंना दीड इंच माया (शिलाईबाहेरचं जादा कापड) ठेवून अस्तर कापा. खांदे, टक्स आणि बाजू मशीनच्या सगळ्यात लांब टाक्याने जोडा. एका बैठकीत एवढंच. दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या अंतर्वस्त्रावर घालून पुढच्या मध्यरेषा टाचणीने जुळवा. आधी खांदा, मग टक्स, शेवटी बाजू, हा क्रम मोडू नका. खांदा उचलला की टक्सचं टोकही वर सरकतं, त्यामुळे आधी टक्स पक्के केलेत तर ते वाया जातात. बाजूंना हिशेब असा : दोन्हीकडे शिलाई पाव-पाव इंच आत घेतली की पुढचं-मागचं मिळून घेर एक इंच कमी होतो. पाठ आरशात धड दिसत नाही, मोबाईलवर टायमर लावून फोटो काढा. टाचण्या लावायला सोपं म्हणून बरेचजण उलटं घालून बघतात. पण एक खांदा उतरता असेल तर सुलटंच घाला, नाहीतर दुरुस्ती भलत्याच खांद्यावर होते. खुणा खडूने करून अस्तर उसवा आणि त्यावरूनच वरचं कापड बेता.

प्रश्न : हात वर केला की अख्खा ब्लाउज वर येतो. मुंढा आणखी कापून मोठा करू का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : मुळीच नको. मुंढा काखेपासून खाली उतरलेला असला की हात उचलताना तो सगळं अंग ओढतो, आणखी कापलात तर जास्तच. खांद्याची शिलाई थोडी वर घेऊन बघा, मात्र गळाही तेवढाच वर येईल. ते नको असेल तर काखेत अडीच इंचांचा चौकोनी तुकडा तिरपा बसवा, जुन्या सदऱ्यांना असायचा तसा. पुढच्या ब्लाउजला मुंढा अर्धा इंच वर बेता.

प्रश्न : पहिल्याच धुण्यात सिल्कच्या ब्लाउजला सुरकुत्या पडल्या, इस्त्रीनेही जात नाहीत. – एक वाचक, लातूर

उत्तर : सुती अस्तर आटलंय, वरचं कापड तसंच आहे. खालच्या पट्टीची शिलाई उसवून अस्तर मोकळं सोडा. बाजूची माया शिल्लक असेल तर तीही थोडी सोडा. पुढच्या वेळी अस्तर कापण्याआधी दोन-तीन तास पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळत घाला आणि किंचित ओलं असतानाच इस्त्री करा.