‘पॅरिश’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आला आहे : इंग्लंडमधील एका खेड्याचा आणि तिथल्या घराण्यांचा इतिहास मराठीत लिहिताना ‘पॅरिश’साठी, म्हणजे एका चर्चच्या आणि त्याच्या धर्मगुरूच्या कक्षेतल्या परिसरासाठी, ‘गाव’ लिहावे, ‘परगणा’ लिहावे, की वसईचे ख्रिस्ती बांधव म्हणतात तसे ‘धर्मग्राम’ लिहावे?

‘परगणा’ आधीच बाजूला ठेवावा. तो अनेक गावांचा मिळून होणारा महसुली विभाग, त्याचा चर्चशी संबंध नाही. ‘गाव’ सोयीचे वाटते, पण ते फसवते. डर्बीशरमधील ईम हे खेडे १६६५-६६च्या प्लेगमुळे प्रसिद्ध आहे. पण ईम पॅरिशमध्ये फूलोसारखी वेगळी वस्तीही मोडत असे, त्यामुळे तिथल्या नोंदवहीत नाव सापडलेला माणूस ईम गावातच राहत होता असे गृहीत धरता येत नाही.

‘धर्मग्राम’ हा शब्द मला मनापासून आवडतो, आणि चर्च, धर्मगुरू, बाप्तिस्मा यांच्यापुरतेच लिहायचे असेल तर तोच वापरावा. अडचण अशी, की इंग्लंडमध्ये पॅरिश केवळ धर्माच्या कक्षेत राहिली नाही. १५३८ साली आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या हुकमाने प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवणे भाग पडले. १६०१च्या कायद्याने गोरगरिबांच्या पोषणासाठी कर वसूल करण्याची जबाबदारीही तिच्यावर आली. आणि १६६२च्या कायद्यानंतर एखाद्या निराधार कुटुंबाला कोणत्या पॅरिशने सांभाळायचे, हा माणसांच्या आयुष्याला वळण देणारा प्रश्न ठरला. म्हणूनच जुन्या कागदांत ‘ऑन द पॅरिश’ असे दिसले, तर त्याचा अर्थ ‘गावात होता’ असा नसून ‘पॅरिशच्या मदतीवर जगत होता’ असा आहे. हे वाक्य ‘धर्मग्रामावर होता’ असे केले, तर त्या माणसाचे दारिद्र्यच वाचकाच्या नजरेआड होते.

गोव्यात याच अर्थाने ‘फिर्गज’ हा शब्द रूढ आहे. तो पोर्तुगीज ‘फ्रेगेझिया’वरून आला, आणि पोर्तुगालमध्ये आजही हा शब्द चर्चच्या विभागासाठी तसाच सर्वांत लहान प्रशासकीय विभागासाठीही वापरतात. ‘पॅरिश’ ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याच्या मागे तर ‘शेजारी राहणारा, परका रहिवासी’ हा अर्थ आहे.

माझे मत असे, की घराण्यांच्या इतिहासात ‘पॅरिश’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी एका वाक्यात त्याचा खुलासा करावा. नोंदींचे शब्दही तितकेच जपावेत : ईमच्या नोंदवहीत तिथल्या प्लेगचा पहिला बळी जॉर्ज व्हिकार्स याच्यापुढे असलेली ७ सप्टेंबर १६६५ ही तारीख दफनाची आहे, ती ‘मृत्यू’ म्हणून लिहू नये, तसेच बाप्तिस्म्याच्या तारखेला ‘जन्मतारीख’ म्हणू नये. विवाहाच्या नोंदीत वधूवरांपुढे येणारे ‘ऑफ धिस पॅरिश’ हे शब्द त्यांचे त्या वेळचे राहण्याचे ठिकाण सांगतात, जन्मगाव नव्हे. तेव्हा तिथे ‘या पॅरिशचा रहिवासी’ असेच लिहावे.