कच्चे ऑलिव्ह तीन आठवडे मिठाच्या पाण्यात ठेवले, तरी कडूच आहेत. फेकून द्यावेत का?

लगेच फेकू नका. तुम्ही लिहिलंय की झाडावरून उतरवलेले अख्खे हिरवे ऑलिव्ह बरणीत भरले, लिटरभर पाण्याला दोन मोठे चमचे मीठ घातलं, तीन आठवडे झाले तरी कडूजहर लागतात आणि वर पांढरा थर आलाय. यात कडूपणाची काळजी अजिबात करू नका. काळजी करायची तर त्या दोन चमच्यांची.

ऑलिव्हच्या गरात ओल्युरोपीन नावाचं द्रव्य असतं, सगळा कडूपणा त्याचा. ते पाण्यात उतरतं, पण साल अखंड असेल तर फार सावकाश. म्हणून अख्खं फळ मिठाच्या पाण्यात मुरायला कमीत कमी तीन महिने धरा, मोठी हिरवी फळं असतील तर सहा किंवा त्याहून जास्त. तीन आठवडे म्हणजे काहीच नाही. मी पहिल्या वर्षी दर चार दिवसांनी एक फोडून चाखायचे. मुरेपर्यंत अर्धी बरणी त्या तपासणीतच संपली होती.

आता मीठ. तुमचं पाणी जेमतेम तीन टक्क्यांचं आहे. लिटरला 100 ग्रॅम हवं होतं. मीठ पुरेसं असलं की घातक जंतू मागे पडतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे जंतू जोर धरतात. ऑलिव्ह टिकतात ते मीठ आणि हे आम्ल या दोघांच्या जिवावर. मीठ कमी पडलं तर फळं मऊ पडून गिळगिळीत होतात. शिवाय बंद बरणीत, आम्ल न झालेल्या पाण्यात बॉट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचा जंतू वाढू शकतो. त्याचं विष वासावरून किंवा चवीवरून ओळखता येईलच असं नाही. म्हणून आता चाखणं बंद करा आणि आधी पीएच, म्हणजे आंबटपणा मोजायच्या पट्ट्या आणा (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त). आकडा 4.6 च्या वर आला तर हळहळ न करता सगळं टाकून द्या. 4.6 च्या खाली, शक्यतो 4.3 च्या आसपास असेल, फळं घट्ट असतील आणि वास स्वच्छ आंबट असेल, तर तुमची बरणी वाचली.

वाचली असेल तर ते पाणी ओतून देऊ नका, तयार झालेलं आम्ल त्यातच आहे. पाणी वेगळं काढा, लिटरला 30 ग्रॅम मीठ त्यात विरघळवा आणि परत ओता. आठवड्याने पुन्हा तेवढंच. एकदम सगळं घातलंत तर फळातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि ऑलिव्ह सुरकुततात. फळंही मीठ पितात, त्यामुळे पाणी हळूहळू सौम्य होतं, हे पुढेही लक्षात असू द्या. मीठ साधं घ्या, आयोडीन किंवा मोकळं राहण्यासाठी काही मिसळलेलं नको.

पांढरा थर सपाट, सायीसारखा असेल तर ते यीस्ट आहे. चमच्याने काढून टाका, पुन्हा येईल, पुन्हा काढा. तंतुमय, केसाळ, हिरवी-काळी-गुलाबी बुरशी असेल तर मात्र मी सगळं टाकते. दोन्हींचं मूळ एकच: वर तरंगणारी फळं. पाण्याने भरलेली छोटी पिशवी वर ठेवा, म्हणजे सगळी बुडून राहतील. झाकण मात्र घट्ट लावू नका. आंबताना वायू सुटतो. मी एकदा फिरकीचं झाकण करकचून लावलं होतं, उघडल्यावर कारंजं थेट छतापर्यंत.

पुढच्या वेळी वाट बघायची नसेल तर फळं ठेचा. जड बाटलीच्या बुडाने एकेक हिरवं ऑलिव्ह हलकं दाबायचं, साल फुटली पाहिजे पण बी नाही. साध्या पाण्यात बुडवून रोज पाणी बदला. आठ-दहा दिवसांत बराच कडूपणा जातो, मग मिठाच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालून फ्रिजमध्ये ठेवायचे. चव अख्ख्या मुरवलेल्यांइतकी खोल येत नाही, हे माझं मत. पूर्ण पिकून काळी झालेली फळं असतील तर पाणीच नको: दोन किलोला एक किलो जाडं मीठ, निथळायला छिद्रं असलेल्या भांड्यात थर द्या, दर काही दिवसांनी हलवा, पाच-सहा आठवड्यांत सुरकुतलेले, दाट चवीचे ऑलिव्ह तयार. (काळे आणि हिरवे ही वेगळी झाडं नव्हेत, पिकण्याच्या पायऱ्या आहेत. डब्यातले एकसारखे काळेभोर बऱ्याचदा कच्चेच तोडलेले असतात. कॉस्टिक सोडा आणि हवेने ते काळे करतात, आणि रंग लोहाच्या क्षाराने पक्का करतात.)

कॉस्टिक सोड्याने कडूपणा काही तासांतच जातो हे खरं, पण डोळ्यात एक थेंब उडाला तरी दृष्टी जाऊ शकते. घरच्या एका बरणीसाठी मी तो वापरत नाही.

तयार झाल्यावर लसूण घालून तेलात बुडवून ओट्यावर ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. तेलाखाली हवा पोचत नाही आणि बॉट्युलिझमच्या जंतूला तेच हवं असतं. लसूण-तेल खाण्याच्या आदल्या दिवशी, लागतील तेवढ्याच फळांना लावा आणि वाटी फ्रिजमध्येच ठेवा. बाकीची बरणी मिठाच्या पाण्यातच राहू द्या.