पालकांना सॅट्स समजावताना

पहिल्यांदाच सहावीचा वर्ग घेतेयस ना? मग पालकसभेत सगळ्यात आधी १०० या आकड्याचं बोल. सॅट्स म्हणजे इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेच्या शेवटी, सहावीत होणाऱ्या राष्ट्रीय परीक्षा; त्यांचा निकाल ८० ते १२० या मापात येतो; १०० म्हणजे अपेक्षित पातळी. टक्के नव्हेत! मागे एक बाबा ‘१०४, पण कितीपैकी?’ म्हणून हटूनच बसले. तेव्हापासून मी गणिताचे जुने तिन्ही पेपर टेबलावर मांडते: ४०, ३५, ३५, एकूण ११० गुण, आणि त्यांचंच रूपांतर होऊन हा आकडा येतो. लेखनाचा पेपर नसतो, ते वर्गशिक्षक पाहतात. आणि हो, परीक्षा मेमध्ये, पण सरकारी माध्यमिक शाळा कुठली मिळाली ते मार्चमध्येच कळलेलं असतं. हे ऐकलं की निम्मे आईबाप खुर्चीत जरा सैल बसतात.